पिवळ्या कोठाराच्या मालकाचे मृत्युपत्र

मी, हिनरिक योहान क्रोप्लिन, वय सत्त्याहत्तर वर्षे, धंदा शेती, तीही स्वतःच्या मालकीची, राहणार ब्लूस्टेम टाउनशिप, राज्य नेब्रास्का, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे. शरीराचे म्हणाल तर डॉक्टर अ‍ॅबॉट यांनी फेब्रुवारीत पोटातली गाठ चाचपून पाहिली आणि पुढच्या वर्षीची पेरणी मला दिसणार नाही असे सांगितले. "या वर्षीची दिसेल ना?" मी विचारले. "दिसेल," म्हणाले. तेवढे पुरेसे आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. मुलगी आल्विना हिने "बाबा, आधी दोन घास खा, मग लिहा" एवढाच आग्रह धरला, आणि तो मी मानलेला नाही. यापूर्वी मी कधीही मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले आणि हेच शेवटचे.

पहिले कलम, जमिनीबद्दल. सरकारी मोजणीप्रमाणे सेक्शन बावीसचा नैऋत्य चौथा हिस्सा, म्हणजे एकशे साठ एकर जमीन, त्यावरील राहते घर, कोठार, विहीर, पवनचक्की, सर्व जनावरे व अवजारे यांसह, खाली चौथ्या व पाचव्या कलमांत दिलेले तेवढे वगळून, मी माझी मुलगी आल्विना डोरोथेया क्रोप्लिन, वय चोपन्न, अविवाहित, हिला पूर्ण मालकीने देत आहे.

हे वाचून काही लोकांच्या भुवया वर जातील, म्हणून कारण लिहितो. गेल्या नाताळात जेवणाच्या टेबलावर माझा मुलगा लुडविग म्हणाला, "कायद्यानं बघायला गेलं तर ताईचा हक्कच काय? ती जन्मली तेव्हा तुमचं दोघांचं लग्न तरी झालं होतं का?" आल्विनाने हातातले बटाट्याचे भांडे खाली ठेवले आणि ती स्वयंपाकघरात गेली. मी त्या वेळी काहीच बोललो नाही. रागाच्या भरात बोललेले हवेत विरून जाते. जे बोलायचे ते कोर्टात टिकेल असे बोलावे, म्हणून आज लिहीत आहे.

होय, झाले नव्हते. मेक्लेनबुर्गमध्ये ज्या जमीनदाराच्या शेतावर मी नांगऱ्या होतो, तिथे मजुराने लग्न करायचे तर आधी मालकाने त्याला राहायला घर द्यावे लागे. घर नाही तर लग्न नाही. पुढे माझी बायको झालेली डोर्ते तिथेच दुधाच्या कोठीत कामाला होती. चार वर्षांत मी चार वेळा टोपी हातात घेऊन कारभारी टिमरमान यांच्यापुढे उभा राहिलो. शेवटच्या खेपेचे बोलणे मला शब्दन् शब्द आठवते.

"घर मोकळं नाही."

"साहेब, तळ्याकाठचं घर दोन वर्षं रिकामंच आहे."

"रिकामं कसं? मालकांची शिकारी कुत्री असतात त्यात."

तोवर आल्विना जन्मली होती. तिथल्या पाद्र्याने नामकरणाच्या वहीत तिचे नाव उलटे लिहिले. लग्नाशिवाय झालेल्या मुलांची नावे त्या वहीत तशीच लिहीत, म्हणजे पान उघडताच कोणालाही कळावे. डोर्ते शांतपणे म्हणाली, "उलटं तर उलटं. आपण वही फिरवून वाचू." आणि बाहेर पडल्यावर पायऱ्यांवरच म्हणाली, "हिनरिक, मी कुत्र्यांच्या नंतर रांगेत उभी राहणार नाही. तू येतोस, का मी एकटी जाऊ?"

अठराशे सदुसष्टच्या मे महिन्यात आम्ही हँबर्गला जहाजात बसलो. न्यूयॉर्कला उतरल्याच्या चौथ्या दिवशी चर्चमध्ये लग्न केले. आल्विना डोर्तेच्या कडेवर होती आणि तिने पाद्र्याच्या पुस्तकाचे एक पान चुरगाळले. तेव्हा मी प्रतिज्ञेवर जाहीर करतो की ती माझ्या रक्ताची, माझी थोरली मुलगी आहे. ज्याला आणखी पुरावा हवा असेल त्याने तिची हनुवटी पाहावी.

जमीन तिला देण्याचे कारण मात्र रक्त नव्हे. ही जमीन मी घेतली तेव्हा तिच्यावर कमरेएवढे गवत होते आणि सावलीला एक झाड नव्हते. गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपा रचून केलेल्या घरात आम्ही सहा हिवाळे काढले. हे सगळे माझे आणि डोर्तेचे कर्तृत्व. ते मी कोणाला वाटून देणार नाही. पण अठराशे पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये घोडे उधळले, त्यांच्यामागचा ढेकळे फोडायचा जड रूळ माझ्या मांडीवरून गेला आणि हाड दोन ठिकाणी मोडले. शेजाऱ्यांनी मानले की क्रोप्लिन संपला. आल्विना एकोणीस वर्षांची होती. तिने माझे बूट घातले, बोटांच्या जागी लोकर कोंबली आणि नांगराला हात घातला. शेजारी एमॉस टटल कुंपणाशी येऊन ओरडला, "काय गं, स्वयंपाक कोण करतं मग?" ती घोडे न थांबवता म्हणाली, "भूक लागली असेल तर घरी जा, काका. तुमच्या घरी बाई आहे." त्या वर्षी आमचा मका जिल्ह्यात कोणाच्याही मक्याहून कमी उतरला नाही. मी खिडकीशी पडून होतो. मला सल्ला द्यायचा होता. कोणी विचारला नाही.

त्यानंतर पस्तीस वर्षे तिने ही जमीन कसली आहे. मी तिला जमीन देत आहे असे वर लिहिले ते कायद्याच्या भाषेत. खरे म्हणजे जी तिचीच आहे ती मी फक्त कागदावर आणत आहे.

दुसरे कलम, पहिल्याच्या पोटातले. या जमिनीवर मी कोणतीही अट घालत नाही. वकिलाने सुचवले होते की "विकता येणार नाही" असे लिहा, "क्रोप्लिन घराण्याबाहेर जाऊ नये" असे लिहा. मी नकार दिला. दुसऱ्याच्या परवानगीने जगणे काय असते ते मी पाहिले आहे. मी मेल्यावर माझ्या मुलीचा कारभारी टिमरमान होणार नाही. तिला वाटले तर तिने ठेवावी, वाटले तर विकावी, आणि विकून समुद्र पाहायला गेली तरी माझी ना नाही.

तिसरे कलम, लुडविगबद्दल. गावात धान्याच्या गिरणीशेजारची जागा आणि तिच्यावरील दुकानाची इमारत मी लुडविगला देत आहे. त्याचे शिक्षण मी केले आणि ते आनंदाने केले. तो हुशार आहे आणि दुकान उत्तम चालवतो. जर्मनीशी लढाई झाली त्या काळात त्याने दुकानावरची पाटी बदलून "लुई क्रोप" केली. त्याची अडचण मला कळते. गिऱ्हाईक तुटत होते, बायको रडत होती. पण नावाचा मागचा अर्धा भाग त्याने टाकून दिला, तो मी उचलून ठेवला आहे. तो त्याचाच आहे. हवा तेव्हा विनाशुल्क घेऊन जावा. भिंतीवरचे घड्याळही त्याला. लहानपणी ते तो रोज मागे-पुढे करून ठेवत असे, आणि शाळेला उशीर झाला की घड्याळाला दोष देत असे.

चौथे कलम. ओढ्याजवळचे लहान घर व भोवतालची दोन एकर बाग माझा गडी यान ह्रूश्का आणि त्याची बायको रूझेना यांना कायमच्या मालकीने द्यावी. हे घर मी अठराशे शहाण्णवमध्ये बांधले. माझ्याकडे कामाला असलेल्या माणसाला लग्न करायचे असेल तर त्याने मला विचारायचे नाही. किल्ली दाराच्या चौकटीवर असते, ती घ्यायची, असा नियम मी केला. आजवर पाच जोडप्यांनी ती किल्ली घेतली. यानने घेतली तेव्हा बिचारा तरीही माझ्याकडे आला आणि टोपी काढून उभा राहिला. मी त्याला म्हणालो, "टोपी घाल आधी. आणि पुन्हा कधी माझ्यासमोर काढलीस तर ओढ्यात फेकीन." माझ्या आयुष्यात मी जे जे बांधले त्यात या दोन खोल्यांइतका अभिमान मला कशाचाही नाही. मोठ्या घराचाही नाही.

पाचवे कलम, एमॉस टटल याच्याबद्दल. माझी अठरा फुटी शिडी टटल याला द्यावी. याला कारण आहे, आणि ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

एकोणीसशे अठराच्या एप्रिलमध्ये एका सकाळी आमच्या कोठाराच्या दारावर पिवळा रंग फासलेला दिसला. त्या दिवसांत जर्मन माणसाच्या दारावर पिवळा रंग म्हणजे हा देशाचा शत्रू, अशी खूण. एक्कावन्न वर्षे या देशात राहून मी शत्रू झालो होतो. आल्विना रॉकेल आणि चिंध्या घेऊन धावत आली. मी म्हणालो, "पुसू नकोस. गाडी जोड, गावात जाऊ."

दुकानदाराने विचारले, "पिवळा? किती देऊ?"

"अख्ख्या कोठाराला लागेल तेवढा."

पंचाहत्तराव्या वर्षी मी शिडीवर चढलो. आठ दिवस लागले. कोठार रस्त्यालाच आहे; येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून पाहत होता आणि मी प्रत्येकाला टोपी उचलून नमस्कार करत होतो. तिसऱ्या दिवशी टटलची गाडी थांबली.

"क्रोप्लिन, अरे हे काय चालवलंयस?"

"कोणीतरी सुरुवात केली होती, पण दारापाशीच दमला बिचारा. अर्धवट काम मला बघवत नाही."

त्याने लगाम हातात घट्ट धरले होते. त्याच्या नखांत पिवळा रंग होता. चाळीस वर्षे या माणसाने दुष्काळात माझ्या विहिरीचे पाणी नेले, मी त्याच्या घोडीची अडलेली शिंगरे सोडवली. मी त्याच्या नखांकडे पाहिले, त्यानेही पाहिले, आणि गाडी गेली. त्यानंतर दीड वर्ष आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्याची बायको कोरा गेली तेव्हा मी प्रेताला खांदा दिला, पण त्याच्याशी बोललो नाही.

गेल्या ऑक्टोबरमध्ये तो एकाएकी आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. हातात ब्रश. म्हणाला, "उत्तरेच्या बाजूचा रंग उडालाय तुझ्या."

मी म्हणालो, "वारा तिकडूनच येतो."

"शिडी कुठंय?"

दिवसभर त्याने रंग लावला. मी खाली उभा राहून शिडी धरली. माफी त्याने मागितली नाही, मी दिलीही नाही. संध्याकाळी आल्विनाने मसूरची आमटी आणि सॉसेज वाढले, ते त्याने दोनदा मागून घेतले. शिडीच्या चौथ्या पायरीला चीर आहे, हे त्याला सांगावे. मी त्या दिवशी मुद्दाम सांगितले नव्हते.

सहावे कलम, माझ्या मातीबद्दल. मला टेकडीवर डोर्तेच्या उजव्या बाजूला पुरावे. प्रार्थना आणि प्रवचन आमच्या भाषेत व्हावे. लढाईत ती भाषा चर्चमध्ये बोलायची बंदी झाली, टेलिफोनवर बोलायचीही चोरी झाली, आणि माझ्या चर्चमधली म्हातारी माणसे दोन वर्षे देवासमोर मुकी बसली. तेव्हा खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि पाद्रीसाहेबांनी आवाज रस्त्यापर्यंत जाईल असा लावावा. दगडावर नाव, जन्म-मृत्यूची वर्षे आणि खाली जमिनीच्या मोजणीचा क्रमांक कोरावा. देवदूत, कबुतर, फुले काही नको. ज्या माणसाला बावीस वर्षांचा असताना राहायला चार भिंती मिळत नव्हत्या, त्याचा पत्ता मेल्यावरही पूर्ण असावा.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम आल्विनाने करावे. मी माझी सही दोन साक्षीदारांसमक्ष केली असून त्यांनी माझ्यासमक्ष व एकमेकांसमक्ष आपल्या सह्या केल्या आहेत.

हिनरिक योहान क्रोप्लिन (सही)

साक्षीदार: डॉ. एलायस अ‍ॅबॉट (सही)
फ्रीडा स्टूर, शिक्षिका (सही)

ब्लूस्टेम टाउनशिप, ता. २२ एप्रिल १९२०

मृत्युपत्रासोबत कोर्टात सादर केलेले निवेदन

मी, फ्रीडा स्टूर, वरील साक्षीदार, शपथेवर सांगते की मृत्युपत्र करणारे गृहस्थ ११ जून १९२० रोजी सकाळी वारले. आदल्या दिवशी लसूणघासाची पहिली कापणी झाली होती आणि कापलेले गवत दव गेल्यावर वाळण्यासाठी उलटायचे होते. त्यांच्या सांगण्यावरून त्यांची खाट ओसरीवर आणली होती. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते आणि कु. आल्विना त्यांचा हात धरून बसल्या होत्या. साडेनऊच्या सुमारास श्वास जड झाला. त्यांनी डोळे उघडून विचारले, "दव वाळलं का?"

"वाळलं, बाबा."

"मग माझ्याकडे काय बघत बसलीस? गवत उलट जा."

कु. आल्विना उठल्या, दाताळे घेतले आणि शेतात गेल्या. मृत गृहस्थ ओसरीवरून त्यांच्याकडे पाहत होते. त्या निम्म्या शेतापर्यंत पोचल्या तेव्हा ते गेले. मी हाक मारायला उठले, पण यान ह्रूश्का यांनी मला थांबवले. कु. आल्विना यांनी उरलेले निम्मे शेत उलटून पूर्ण केले आणि मग त्या घरी आल्या.

फ्रीडा स्टूर (सही)
जिल्हा न्यायालयासमोर, ता. २८ जून १९२०