कादंबरीतली झोप

प्रिय बाईसाहेब,

निवृत्तीनंतर आपण दोघं फिरणार होतो. आता मी एकटाच फिरतो. प्रवासात तू मोठ्यानं वाचायचीस, मी दुसऱ्याच पानाला घोरायचो आणि लेखकाच्या वतीनं तू रागवायचीस. तू गेलीस तेव्हा अर्धवट राहिलेली कादंबरी मी सगळीकडे नेतो, पण उघडवत नव्हती.

आज गाडीत धीर केला. तुझ्यासारखीच मोठ्यानं वाचायला घेतली. समोरच्या बाई मन लावून ऐकू लागल्या. त्यांचे यजमान मात्र घोरायला लागले.

"अहो, उठा! काका एवढं छान वाचताहेत!" बाईंनी कोपर मारलं.

"झोपू द्या हो," मी म्हटलं. "शेजारी कोपर मारणारं माणूस आहे, तोवरच अशी झोप लागते."

हल्ली सगळी पुस्तकं जागेपणी वाचणारा,
तुझाच