सोडून दिलेला त्रेचाळिसावा पाठ

नाशिक, मंगळवार

ती. दाजींच्या सेवेशी,

रवीचा सप्रेम जय भीम. तो उजव्याच हाताने स्वीकारावा, कारण तुमचा डावा खांदा अजून वर जात नाही असं प्रतिभाताईकडून कळलं. तुमची शुगर, ताईचे गुडघे आणि अंगणातला शेवगा यांची खुशाली कळवावी (याच क्रमाने कळवली नाही तरी चालेल). ताईने म्हणे घरातल्या पत्र्याच्या पेट्या आवरायला काढल्यात. दाजी, हात जोडून सांगतो, हे पत्र संपेपर्यंत त्या पेट्यांतली एकही वस्तू भांडीवालीला देऊ नका. कारण शेवटी सांगतो. फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला हसता हसता खोकला लागतो, मग ताई फोन ओढून घेते आणि मलाच झापते.

तर, मी चिनी भाषा शिकतोय हे तुम्हाला ठाऊक आहेच. ‘रवीला रिटायरमेंट मानवली नाही’ असं तुम्ही सिन्नरभर सांगत फिरता, हेही मला ठाऊक आहे. पण त्यामागचं कारण तुम्ही कधी धड ऐकून घेतलं नाही, म्हणून पुन्हा सांगतो. आपला अश्विन सिंगापूरला नोकरी करतो, तिथं त्याला यूलान नावाची चिनी मुलगी आवडली. मुलगी गुणी आहे, इंग्रजी बोलते. पण तिचे आईवडील आणि आजी चीनमध्ये छांगशाजवळ राहतात, आणि त्यांना चिनीशिवाय एक अक्षर कळत नाही. अश्विन म्हणाला, “पप्पा, मोबाइलमध्ये बोललं की भाषांतर होतं. टेन्शन घेऊ नका.” आता तुम्हीच सांगा, सोयरीक जुळवायची ती मोबाइलच्या तोंडाने? तुमच्या-ताईच्या वेळी दादा ओझरहून सिन्नरला बोलणी करायला जीपच्या टपावर बसून आले होते. मी त्यांचा मुलगा. मी म्हटलं, बोलणी मी करणार, आणि त्यांच्या भाषेत करणार. वय वर्षं अठ्ठावन्न, पाटबंधारे खात्यातली चौतीस वर्षांची कारकुनी पाठीशी, आणि समोर एक अशी भाषा जिच्यात अक्षर म्हणून काढायला जावं तर कालव्याचा नकाशा तयार होतो.

अडीच वर्षं लागली. मोबाइलवर साठ पाठांचा एक अभ्यासक्रम मिळाला. घरातल्या प्रत्येक वस्तूवर मी चिनी चिठ्ठी चिकटवली, मिसळणाच्या डब्यावर सात. (शेजारच्या वत्सलाबाईंनी सौ. मोहिनीला बाजूला घेऊन विचारलं, भाऊजींनी घराला काही बांधून घेतलंय का?) पंचवटीच्या भाजीबाजारात मी सिंधुबाईच्या टोपलीसमोर उभा राहून चिनीत भाव करायचो. पहिले दोन महिने ती ऐकून घ्यायची. एक दिवस म्हणाली, “भाऊ, लय झालं तुमचं. कोथमीर घ्यायची हाय का नाय? गिऱ्हाईक खोळंबलंय मागं.” पुढे चीनमधले एक रिटायर्ड बस ड्रायव्हर, लाओ झाऊ, मला मोबाइलवरच भेटले. त्यांना इंग्रजी शिकायचं होतं. रोज सकाळी अर्धा तास मी त्यांचं इंग्रजी बिघडवायचो आणि ते माझं चिनी सुधारायचे. मागच्या वर्षी गुडघेदुखीवर गरम पाणी चांगलं की गार, यावर आम्ही चिनीत चाळीस मिनिटं कडाक्याचं भांडलो. फोन ठेवल्यावर माझे डोळे भरून आले. भांडता आलं म्हणजे भाषा आली, दाजी.

फक्त एक पाठ मी सोडला होता, त्रेचाळिसावा. विषय होता मयत आणि सांत्वन. मी पाठ म्हणतो तो गॅलरीत उभा राहून, मोठ्याने, भावनेसकट. मोहिनी म्हणाली, सकाळी सकाळी घरात असलं बोलायचं नाही. मी म्हटलं, आपण शुभ-अशुभ मानत नाही. ती म्हणाली, मानत नसलो तरी मोठ्याने कशाला म्हणायचं? हा मुद्दा मला खोडता आला नाही. शिवाय साठातला एक गेला तरी एकोणसाठ राहतात, असा हिशेब मी केला. नोकरीतही एखादं कलम न वाचता फायली पुढे सरकवल्या होत्या, काही अडलं नव्हतं.

मागच्या महिन्यात बोलणी करायला व्हिडिओ कॉल ठरला. अश्विन आणि यूलान सिंगापूरहून जोडले जाणार होते. मी साफ सांगितलं, बोलणी मोठ्यांची असतात, पोरांनी मध्ये बसायचं नाही. (दाजी, ही माझी पहिली चूक. तुमच्या वेळी मात्र तुम्ही पडद्याआडून सगळं ऐकत होतात, ते आम्ही तेव्हाच पाहिलं होतं.) मग तयारी. मंगल कार्य म्हणजे आपल्यात पांढरं. मोहिनीने पांढरी शुभ्र साडी नेसली, मी परीटघडीचा पांढरा शर्ट-पॅंट घातला. टेबलावर बुद्धमूर्ती, दोन मेणबत्त्या, मोगऱ्याच्या पांढऱ्या कळ्या. आणि मला वाटलं, नातवाची सोयरीक होतेय, दादांनी बघायला नको? म्हणून भिंतीवरची त्यांची तसबीर काढून मधोमध ठेवली, तिला पांढऱ्या शेवंतीचा हार घातला.

कॉल लागला. समोर तिची आई, वडील, लाल शाल घेतलेली आजी. तिघंही हसत होती, ती एकदम गप्प झाली. वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली. आजी उठून आत गेली आणि शाल ठेवून आली. मग तिघंही उभी राहिली आणि दादांच्या तसबिरीसमोर कमरेत वाकली. एकदा, दोनदा, तीनदा. दाजी, माझ्या अंगावर काटा आला. हुबेहूब आपलं त्रिवार वंदन! मी मोहिनीला म्हटलं, बघ, रक्तातच आहे. आम्ही पण उठून तीनदा वाकलो.

मग तिची आई काहीतरी बोलली, जे मला एकोणसाठ पाठांत कुठेच भेटलं नव्हतं. मी ओळखलं, अभिनंदनच असणार. आणि मी माझं पाठ केलेलं भाषण सुरू केलं. म्हटलं, आज आमच्या घरात अतिशय आनंदाचा दिवस आहे. या दिवसाची आम्ही अडीच वर्षं वाट पाहत होतो. त्यांनी दादांचं वय विचारलं, मी सांगितलं अठ्ठ्याहत्तर. कार्यक्रम कधी, असं विचारलं, मी म्हटलं डिसेंबरात, थंडीत माणसं चांगली जमतात, तोवर दादा इथेच टेबलावर आहेत. चारशे माणसांचं जेवण आहे, डीजे आहे, आणि माझे दाजी सर्वांत पुढे नाचणार आहेत. उच्चार एकूण एक बरोबर होते, ही खात्री मी आजही देतो. तिची आई रडायला लागली. वडील म्हणाले, अशा वेळी आम्ही लग्नाचा विषय काढत नाही, आणि कॉल संपला. मी मोहिनीला म्हटलं, काय खानदानी माणसं! पहिल्या भेटीत देण्याघेण्याचा शब्द नाही. ती म्हणाली, “ती बाई रडत होती.” मी म्हटलं, आनंदाश्रू. ती म्हणाली, “आनंदाचं रडणं मला कळतं. ते तसं नव्हतं.” बघा, हिला चिनीतला एक शब्द येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अश्विनचा फोन. “पप्पा, आजोबा आता परत कसे गेले?”

पुढचं तुम्ही ताडलंच असेल. त्यांच्याकडे पांढरे कपडे, पांढरी फुलं आणि मेणबत्त्यांमधली तसबीर म्हणजे मयत. सगळं त्रेचाळिसाव्या पाठात होतं, रंगीत चित्रासकट. आजी जुन्या वळणाची, तिचं म्हणणं आता तीन वर्षं लग्न नको. ते एक वेळ चाललं असतं. पण वडील म्हणाले, बाप गेल्यावर ज्याला इतका आनंद होतो आणि जो त्याला डिसेंबरपर्यंत टेबलावर ठेवतो, त्या घरात मी पोर देणार नाही. अश्विनचा आवाज फोनवर कापत होता. आठवीत गणितात नापास झाला होता, त्यानंतर मी तो तसा ऐकला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या पोरासाठी भाषा शिकलो, त्याचंच मोडून ठेवलं.

त्रेचाळिसावा पाठ मी दोन तासांत केला. गॅलरीतच केला, मोहिनीने अडवलं नाही. (वत्सलाबाई मात्र माझा रडका सूर ऐकून डोक्यावर पदर घेऊन सांत्वनाला आल्या.) मग अंगातल्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टावरच मी एकट्याने यूलानच्या घरी फोन लावला, आणि पांढऱ्या रंगापासून डीजेपर्यंत सगळं समजावून सांगितलं. दादांना जाऊन चौदा वर्षं झाली, हेही सांगितलं. मग आजी ओशाळून म्हणाली, आम्ही भलत्याच वेळी भलताच नमस्कार केला, माफ करा.

यावर मी जे बोललो ते कुठल्याही पाठात नव्हतं, दाजी. मी म्हटलं, आजी, माझ्या वडिलांनी ओझरच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एकतीस वर्षं लोकांपुढे चहा ठेवला. ते आले म्हणून खुर्चीवरून उठलेला माणूस मी कधी पाहिला नाही. गावाकडे तर वाकायचं ते त्यांनीच. तुम्ही त्यांना ओळखत नव्हता, तरी तिघं उभे राहून तीनदा वाकलात. तुमचा नमस्कार चौदा वर्षं उशिरा आला, पण वाया गेला नाही.

आजी रडली. ते रडणं कसलं होतं, हे या वेळी मलाही कळलं. मग नाक पुसून तिने विचारलं, डीजे खरंच आहे का? तेव्हा मागून वडील हसल्याचं ऐकू आलं.

ताईला नमस्कार. काही जास्त-कमी लिहिलं गेलं असेल तर मेहुण्याचा हक्क समजून सोडून द्यावं.

तुमचा,
रवी

ता. क. : बोलणी येत्या रविवारी पुन्हा आहेत, आणि त्यांच्यात मंगल रंग लाल, म्हणून या वेळी लाल रंगाशिवाय सुटका नाही. मोहिनीकडे लाल साडी आहे. माझ्याकडे उभ्या आयुष्यात लाल म्हणजे ऑफिसचं पेन. १९९३ साली तुम्ही स्वतःच्या लग्नात, सगळा मांडव पांढरा असताना, जो लाल कोट घातला होता, तो ताईच्या पेटीत आहे. त्याला मी बत्तीस वर्षं ‘गॅस सिलिंडर’ म्हणत आलो, ते सर्व शब्द या पत्राने मागे घेतो. कोट तातडीने पाठवावा. बटणं लागली नाहीत तरी हरकत नाही, समोरून फक्त छातीपर्यंत दिसतं.

ता. क. २ : पाठवू नका, घालूनच या. सर्वांत पुढे नाचणारे दाजी कोण, ते त्यांना बघायचंय. मी ताईची एखादी लाल शाल घेईन.

ता. क. ३ : पाकीट बंद करता करता आजीचा निरोप आला: दादांची तसबीर त्याच जागी ठेवा, पोरीचं ठरलं हे त्यांना मी स्वतः सांगणार आहे. मोहिनी म्हणाली, दादांना चिनी कुठे कळायचं? मी म्हटलं, मी शेजारीच बसलेला असेन, मी सांगेन त्यांना.