जाईबाईच्या नाण्यांचा पुरा भाव

जाईबाई माझ्यावर रुसून बसली हाय आणि चूक तिची हाय, हे सगळ्यात आधी लिहिते. कमी भाव सांगितला म्हणून रुसलेली माणसं म्या लई बघितली. पुरा भाव सांगितला म्हणून रुसलेली ही एकलीच.

आता कायद्याचं. मी ठकुबाई गेनबा मळेकर, राहणार भाटघर, तालुका भोर. वय आधारकार्डावर हाय तेच धरावं, खरं कुणालाच ठाऊक न्हाई. शिक्षण तिसरी. डोकं ठिकाणावर हाय. कुणाच्या धाकानं लिहीत न्हाई, कारण मला धाक दाखवणारं या घरात कुणी न्हाई. याआधी मृत्युपत्र केलेलं न्हाई. हे माझ्या हातानं, राजीखुशीनं करते.

१. घर माझ्या नावावर हाय, दुधाच्या पैशातनं बांधलेलं. ते माझा मुलगा सोपान याला, मागची खोली सोडून. त्या खोलीचं कलम पाचात लिहिलं हाय. सोपान, टेम्पोची जुनी टायरं तिथनं आधी काढ.

२. दोन्ही म्हशी सून माया हिला. धार ती काढते, मालक दुसरा कशाला? डॉक्टरनं सांगितलं म्हणून तिनं मला अळणी आमटी घातली, ते माफ केलेलं न्हाई. पण म्हशी तिच्याच.

३. पितळी घंगाळ माझ्या चुलत जावेकडं हाय. बारशाला म्हणून नेलं, ते पोरगं आता मिशीला आलं. ते आणून मायाला द्यावं. आणताना मोठ्यानं बोलत आणावं, आळीला ऐकू जाऊ दे.

४. बँकेतली ठेव नात राजनंदिनी हिच्या शिक्षणाला. लग्नाला न्हाई. कुणी लग्नाचं काढलं तर हे कलम त्याला परत वाचून दाखवावं.

५. आता नाणी.

वेल्ह्याची जाईबाई रेणुसे माझी लहानपणची मैत्रीण. मागं नवरा न्हाई, मूल न्हाई. पुतण्या धनाजीकडं असते. वेल्ह्याच्या बाजारात तिचं चहा-भज्यांचं दुकान हुतं. डोंगरातल्या म्हाताऱ्या फडक्यात बांधून जुनी नाणी आणायच्या, शिवराई, ढब्बू, राणीछाप. बाजारात ती कुणी घेत नसे. ही बाई ती घेऊन चहा पाजायची. म्या तिला तोंडावर येडी म्हणायचे. त्या येडेपणानं डालड्याचा डबा भरला.

तेवढा डबा सोडला तर जाईचं स्वतःचं काही न्हाई. धनाजी तिला गोठ्याशेजारी झोपवतो आणि डोळा डब्यावर ठेवतो. सारोळ्याला हायवेवर एका हॉटेलवाल्याला काउंटरच्या काचेखाली जुनी नाणी लावायची हायेत. त्याला धनाजी हा डबा वजनावर, मोडीच्या भावानं द्यायला निघालाय.

म्हणून जाई डबा घेऊन माझ्याकडं आली तवा, नाणी मीच घेते म्हणून म्या भाव सांगितला. राजनंदिनीनं एकेका नाण्याचा फोटो काढून पुण्याच्या दोन व्यापाऱ्यांना विचारलं. म्या जास्तीचा भाव धरला. रोख दिली असती तर धनाजीनं संध्याकाळच्या आत काढून घेतली असती. म्हणून रोखीच्या जागी माझी मागची खोली, तिच्या हयातभर. वेगळं दार, वेगळी चूल, लाईटबिल घरानं भरायचं. भाड्याचा हिशेब नातीनं मांडला, तो बरोबर बसतो. जाई लई जगली तर तोटा माझा, लवकर गेली तर तिचा. यात दयामाया न्हाई, सौदा हाय.

तर हिनं डबा जवळ ओढला. मग म्हणाली, "ठकू, मेथीच्या जुडीला तू कधी पुरा भाव दिला न्हाईस. मला एका बोलात देतीस, म्हंजी डब्यात काय तरी मोठं हाय."

आमच्याकडं पहिला बोल निम्म्याचाच असतो. माझे मालक म्हशींच्या बाजारात दलाली करायचे, रुमालाखाली बोटं धरून. त्यांनी पहिल्या बोटाला पुरा भाव दिला असता तर समोरचा म्हैस घेऊन माघारी गेला असता. हे ध्यानात आलं म्हणून म्या भाव उतरवला. म्हणलं, बरं, खोली घे पण चूल आमच्यातच. तर म्हणती, "आता बोलली खरी ठकू." डबा पदराखाली घातला आणि एसटी धरली. तवापासून फोन उचलत न्हाई.

चढवावं तर डब्यात घबाड हाय, उतरवावं तर मी लबाड. या बाईला खरं सांगायचं तरी कसं?

एकच वाट दिसली. मेलेल्या बाईशी घासाघीस करता येत न्हाई. ती चढत न्हाई, उतरत न्हाई, आणि नाणी घेऊन पुण्याला विकायला जात न्हाई. म्हणून माझा पहिला भाव, चुलीसकट, हितं कायम करते. सोपाननं तो पाळायचा. नाणी राजनंदिनीची होतील, पण जाई हाय तोवर डबा त्याच खोलीत तिच्या उशाला ऱ्हाईल आणि कुणी विकायचा न्हाई. जाईच्या माघारी खोली सोपानची. यात ठकूचा फायदा काय, ते जाईनं त्या खोलीत बसून शोधावं.

माझ्या मरणाची वाट बघायची गरज न्हाई. खोली सारवून ठेवली हाय. राजनंदिनीनं उद्याच्या पहिल्या गाडीनं वेल्ह्याला जाऊन हे कलम जाईला वाचून दाखवावं, धनाजी घरात असला तर त्याच्यासमोर, मोठ्यानं.

६. उत्तर जाईनंच द्यायचं, स्वतःच्या तोंडानं. धनाजीनं तिच्या वतीनं दिलेलं उत्तर धरायचं न्हाई, मग ते व्हय असो का न्हाई. सोपाननं मधे बोलायचं न्हाई. मी असले तर मला, नसले तर राजनंदिनीला. पण जाईनंच.

ठिकाण: भाटघर, ता. भोर, जि. पुणे
तारीख: २२ नोव्हेंबर २०२५

सही: ठकुबाई गेनबा मळेकर

आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
१. माऊली दगडू धुमाळ
२. भिमा सखाराम कोंढाळकर