वान्याचं दुकान

१२ मार्च २००७, हर्नडन

वान्याने दुकान काढलं! कपड्यांच्या अल्टरेशनचं, इंडियन ग्रोसरीच्या शेजारच्या गाळ्यात. माझी शेजारीण, नुकतीच बल्गेरियातून आलेली. तिला लॉटरीत ग्रीन कार्ड लागलंय. मी अनीशच्या व्हिसावर आलेली बायको — काम करायची परवानगी नाही. नागपुरात माझ्या हाताखाली चार बायका शिवायच्या. वान्याला लायसन्स एका दुपारीत मिळालं म्हणे. हसून अभिनंदन केलं. घरी येऊन भांडी आपटली.

२ एप्रिल

तिने घातलेली हेम, कपड्याच्या खालच्या कडेची दुमड, बघितली. माझी त्याहून बरी असते.

१९ एप्रिल

दुकानात चिटपाखरू नाही. बोर्ड नाही, पडदे ओढलेले. का म्हणून विचारलं, तर सांगत बसली. तिकडे बल्गेरियात सरकारी कपडा कारखाना बंद पडला तेव्हा तिने दोन मशीनं घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. बोर्ड लावला आणि इन्स्पेक्टर यायला लागले. एक आगीचा, एक टॅक्सचा, एक कसला ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. प्रत्येक जण काहीतरी घेऊन जायचा. कायदे नवे आले होते, खुर्चीतली माणसं जुनीच. "धंदा टिकवायचा तर दिसायचं नाही," म्हणाली.

एवढं सगळं हातात असून ही बाई पडदे ओढून बसते! मी पहिल्याच दिवशी बोर्ड लावला असता.

८ जून

मागे लागून लागून बोर्ड लावायला लावला. आता गर्दी. काल पॉटलकला, म्हणजे प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, आमच्या ओळखीच्या शैलजाकाकू तिचं कौतुक करत होत्या. मी ताट तसंच ठेवून उठले.

२७ जुलै

ग्रीन कार्डच्या अर्जासाठीच्या, इतके दिवस अडकलेल्या तारखा अचानक खुल्या झाल्या. अनीशने आमचे दोघांचे अर्ज टाकले. मलाही वर्क परमिट मिळेल म्हणतो. मिळेल तेव्हा खरं.

१४ ऑगस्ट

वान्या धापा टाकत आली. उद्या आगीची तपासणी आहे, काउंटीच्या सरकारी ऑफिसातून फोन आला होता. किती द्यावे लागतील, विचारत होती. 

आमच्या बिल्डिंगमध्येही दरवर्षी येतो तो माणूस. आग विझवायचं सिलिंडर बघतो, सही करतो, जातो. काही द्यायचं नसतं.

मी म्हटलं, "मला काय माहीत? माझं कुठे दुकान आहे?"

१६ ऑगस्ट

दुकान बंद. तपासणीला माणूस यायच्या आतच तिने मशीन घरी नेलं. बोर्डही उतरवलाय.

बरं वाटलं. तासभर.

३० ऑक्टोबर

परमिट आलं! गाळा अजून रिकामाच आहे. मालकाशी बोलले, मला द्यायला तयार आहे. पण एकटीने नको वाटतं.

३१ ऑक्टोबर

वान्याला विचारलं, दोघी मिळून करू या का. नको म्हणाली. रागावली नव्हती.

"तपासणीत काय होतं ते तुला माहीत होतं. तुझ्या चेहऱ्यावरून कळलं मला. पण तूसुद्धा सांगेनास, तेव्हा वाटलं — इथेही तिकडच्यासारखंच असणार."