शुक्कर तेली

मँचेस्टर, सोमवार

प्रिय खातून,

इथल्या गार हवेतून शहाद्याच्या उन्हाला आणि तुला सलाम. मी खुशाल आहे. तू विणलेला मफलर डोक्यावरून उतरत नाही.

"अब्बा इथे आल्यापासून बोलेनासे झालेत," असं आपल्या तबस्सुमने माझ्याबद्दल तुला कळवलं. त्यावर "मुका व्हई ग्यात का?" असं तू विचारलंस. अगं, लेक-जावई दिवसभर कामावर. बोलू कोणाशी?

पण काल तबस्सुमने मला इथल्या यहुदी चित्रपट महोत्सवाला नेलं. यंदा पन्नासावं वर्ष, म्हणून सगळ्यांना केक. सिनेमा निघाला कोकणातल्या यहुद्यांचा, आणि पडद्यावरची म्हातारी चक्क मराठीत बोलली! मी "वा!" म्हणून ओरडलोच. पुढच्या रांगेतल्या बाई हसत वळल्या. अलिबागच्या सिपोराबाई झिराडकर.

सिनेमा सुटल्यावर म्हणाल्या, "आमचे पूर्वज तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं."

मी म्हटलं, "मग आम्ही शुक्कर तेली! आमचा घाणा जुम्म्याला बंद!"

बाई इतक्या हसल्या, की हातातला केक पडला. मला मात्र आपल्या घाण्याची करकर ऐकू आली, तिळाच्या तेलाचा वास आला.

मग आम्ही दोघांनी तिसरीतली चिमणीची कविता म्हटली. दुसऱ्या कडव्याला दोघंही अडलो.

महिनाअखेरीस त्या जेवायला येणार आहेत. तुझा गुडघा कसा आहे ते खरं कळव, आणि शेजारच्या रिम्शाच्या फोनवरून ते कडवं पाठव. शाळेत मी अडलो की तूच मागून कुजबुजायचीस.

तुझाच,
अन्वर