ओसरीवरचं बटन

सावली, मे २००३

प्रिय दिव्यानी,

तू आणलेली विजेची शेगडी एकदाची सुरू झाली. हो, दिवाळीत आणलेली आता आंब्याच्या दिवसांत सुरू झाली, हस खुशाल. पण तुझा बाप राईस मिलमधल्या मोटारीचा झटका खाल्लेला माणूस आहे, विजेच्या बाबतीत तो घाई करत नाही. प्रणितचा पुढचा दात पडला का? पडला असेल तर जपून ठेव म्हणावं, आजोबांना दाखवायला.

तू म्हणाली होतीस, बाबा, नुसती पिन खोचायची. नुसती कशी खोचायची गं? आपल्या स्वयंपाकघरातली जुनी तार दिव्या-पंख्यापुरती. बिरजू वायरमनच्या घरी चकरा मारून चपला झिजल्या. शेवटी आला. मीटरपासून शेगडीसाठी वेगळी जाड तार ओढली, मोठ्या पिनेचं सॉकेट मोरीपासून दूर बसवलं. मागच्या अंगणात खड्डा करून, कोळसा-मीठ भरून अर्थिंग केलं. वीज कुठे गळली तर शेगडीची लाइन आपोआप तोडणारं बटनही लावलं. म्हणाला, "नानाजीभाऊ, चंद्रपूरच्या सायबाच्या बंगल्यातबी एवढं नाई राहत." मी मान डोलावली. पण एवढी धास्ती मला विजेची नव्हतीच, ते काही त्याला सांगितलं नाही.

तू फोनवर आईचं विचारतेस आणि मी बरी आहे म्हणतो. ती बरी नाही. गॅसची चावी उघडी टाकायची म्हणून तू सिलिंडर काढून टाकलास, चुलीच्या धुराने दमा उठतो म्हणून ही शेगडी आणलीस. तुझं काही चुकलं नाही. पण तुझ्या आईने, आशाबाईने, उभ्या जन्मात चुलीला पोतेरं फिरवल्याशिवाय दिवस सुरू केलेला नाही. आजही ती उठते, पांढरी माती भिजवते आणि ओलं पोतेरं शेगडीवर फिरवते. तव्यांवर, बटनांवर, मागच्या तारेवरही. मी समजावलं, रागावलो, माती लपवून ठेवली, तर परसातून दुसरी आणली. रडकुंडीला येऊन म्हणते, "दिव्यानीची चूल हाय, तशीच उष्टी ठेवू काय?" समोरच्या धुरपताबाईंना ती ओळखत नाही, पण चूल कुणाची ते विसरत नाही. यावर कुठला वायरमन आणू, सांग.

म्हणून शेगडीचं मुख्य बटन मी बिरजूकडून ओसरीवर उंच, कॅलेंडरच्या मागे बसवून घेतलं. तिला ते ठाऊक नाही. स्वयंपाकाच्या वेळी मी चालू करतो, तिच्याजवळ बसून राहतो, भांडं उतरलं की येऊन बंद करतो. लाइन गेली तरी आधी बटन बंद, कारण या लोडशेडिंगमध्ये ती परत केव्हा येईल याचा नेम नाही. एवढं पाळलं की घर सुखरूप, असं मी धरून चाललो होतो.

उन्हाने अर्थिंगचा खड्डा सुकला तर त्याचा उपयोग नाही, म्हणून रोज त्यात पाणी ओततो. आई शेजारी उभी राहून विचारते, "काय लावलं इथी? उगवून तं काहीच नाई राह्यलं." हसू येतं, आणि हसून झालं की जीव तुटतो. परवा म्हणाली, "आत्ताच तं टाकलं ना पाणी, आता काऊन टाकता?" मी म्हटलं, तुला काय आठवतंय! खाली पाहिलं तर खड्डा ओला होता. असो. प्रणितचा पुढचा दात पडला का? पडला असेल तर जपून ठेव म्हणावं, आजोबांना दाखवायला.

काल सकाळी चहा झाला आणि लाइन गेली. मी ओसरीवर पेपर वाचत होतो, आई आत पोतेरं फिरवत होती. लाइन आली, डोक्यावरचा पंखा हलला आणि आत खट्‌ आवाज झाला. धावलो. शेगडीवरून मातीचं पाणी गळत होतं, बिरजूचं ते लाइन तोडणारं बटन आपोआप खाली पडलं होतं, आणि आई हात चोळत म्हणत होती, "मुंगी चावली वाटते मले." तिला काही झालं नाही. मी ओसरीवर येऊन कॅलेंडर बाजूला केलं. बटन चालूच होतं.

दिव्यानी, ते बटन या घरात फक्त मला माहीत आहे. मी ते बंद केलं होतं अशी शपथ काल घेतली असती, आजही घेईन, आणि त्याचीच मला भीती वाटते. आत्ता हे पत्र वरून वाचलं, तर प्रणितच्या दाताचं दोनदा विचारलं आहे. खोडत नाही, राहू दे. फोनवर मी पुन्हा सगळं ठीक आहे म्हणेन, तेव्हा ते खरं मानू नकोस. धुरपताबाई सध्या डबा देतात, पण किती दिवस देतील? चूल पेटवली तर धुराची भीती, शेगडी लावली तर माझी. तू आमच्याकडे चला म्हणालीस तेव्हा घर सोडणार नाही म्हणून भांडलो होतो. आता भांडणार नाही. ये, आणि आम्हा दोघांना घेऊन जा. बटन बंद आहे. पत्र टाकायला निघण्याआधी कॅलेंडर उचलून पुन्हा एकदा बघतो.

तुझाच, आता तुझ्याच भरवशावर असलेला,
बाबा