थांब म्हणणारा बोर्ड

प्रिय अक्षदा,

परवा फोनवर तू विचारलंस, तेव्हा मी "बघू" म्हणाले आणि गॅसवर दूध आहे असं सांगून फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं. तुझा प्रश्न सरळ होता. सलिल गेला असं कल्याणच्या कोर्टाकडून ठरवून घ्यायचं, त्याला माझी हरकत आहे का? तो बेपत्ता होऊन सात वर्षं उलटली, कायदा परवानगी देतो, आणि तुला नयनशी लग्न करायचं आहे. नयन मला आवडतो. मानपाड्यातला, जमीनजुमला असलेल्या घरातला मुलगा, पण अंगात मस्ती नाही. अडचण त्याची नाहीच. सलिल खडवलीच्या नदीत पोहायला उतरला, काठावर चपला मिळाल्या, तो मिळाला नाही. जो मिळालाच नाही त्याला गेला म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

आधी कामाचं सांगते, कारण तुझं उत्तर तिथूनच निघालं. तू भूगोल शिकवतेस, म्हणून सोपं करून लिहिते, कंटाळू नकोस. रिटायर झाल्यावरही कंपनी माझ्याकडे कोड तपासायला पाठवते. कारखान्यांत धोक्याची सूचना देणारे पॅनेल असतात, ते आम्ही बनवतो. त्यांतला कर्नेल म्हणजे सगळा कारभार पाहणारा मुख्य प्रोग्राम. पण काही कामं त्यालाही स्वतः करता येत नाहीत. ती बोर्डावरच्या फर्मवेअरकडून, म्हणजे चिपमध्येच बसवून दिलेल्या खालच्या प्रोग्रामकडून, करून घ्यावी लागतात. कर्नेल हातातलं सगळं आवरून ठेवतो, खाली हाक मारतो आणि उत्तराची वाट बघतो. खाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. येईल ते उत्तर मानायचं.

या पॅनेलचं फर्मवेअर सलिलने लिहिलेलं आहे. तुमचं लग्न ठरलं त्या वर्षी, इथेच जेवणाच्या टेबलावर बसून. मी शेजारी लाल पेन घेऊन. एकदा वैतागून म्हणाला, "आई, तू अक्षदाची सासू होशील तेव्हा होशील, आत्ता माझीच झालीयेस." फर्मवेअरने द्यायची उत्तरं तीनच: काम झालं, जमलं नाही, किंवा आत्ता गुंतलोय, पुन्हा विचार. या तिसऱ्याला त्याने नाव दिलं 'थांब'. असली नावं कंपनीत चालत नाहीत, असं मी बजावलं. तो म्हणाला, "घरात चालतंय ना तुला, मग तिथेही चालेल." खरंच चाललं. जेवायला हाक मारली की त्याचं उत्तर तेच असायचं. आतल्या खोलीतून, मान वर न करता. थांब.

गेल्या महिन्यात आंबिवलीकडच्या एका रंगाच्या कारखान्यातला आमचा पॅनेल गोठला. त्याची नोंदी साठवणारी चिप लिहून लिहून झिजली होती. दिलेलं काम ती कधीच पुरं करणार नव्हती, पण काम चालू आहे असंच दाखवत होती. त्यामुळे फर्मवेअर वर 'थांब' कळवत राहिलं आणि कर्नेल पुन्हा पुन्हा विचारत राहिला. त्या नादात अलार्म वाजलाच नाही. तिथल्या ऑपरेटरला गळणाऱ्या वाफेचा वास आला म्हणून त्याने धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. माणसं वाचली ती त्याच्या नाकामुळे, आमच्यामुळे नाही.

आमच्याकडे नव्याने लागलेल्या अपूर्वने यावर दुरुस्ती लिहिली. ठरावीक वेळा विचारायचं, तरी 'थांब'च आलं तर खालची चिप गेली असं धरायचं, अलार्म वाजवायचा आणि पुढचं काम सुरू करायचं. आमच्यात रीत अशी की तपासणाऱ्याने कोडखाली स्वतःचं नाव घालायचं. ते कायमचं राहतं. मी नाव घालीना. परत पाठवलं, सुधारून आलं, पुन्हा परत पाठवलं. 'थांब' म्हणजे नकार नव्हे. नकार आलेला नसताना मेलं असं धरणारे आपण कोण, असं मी लिहिलं. शेवटी पोराने फोनच केला. "मॅडम, खालचा बिझी आहे की मेलाय, हे वरच्याने ओळखायचं कसं? तो तर दोन्ही वेळेला थांबच म्हणणार!" आणि हसला. ते फर्मवेअर कोणी लिहिलंय हे त्याला माहीत नाही. मी म्हटलं, "आधी कोडमधल्या कॉमेंट नीट लिहायला शिक."

तो बिघडलेला बोर्ड तपासायला म्हणून माझ्याकडे आला होता. टेबलावर जोडला. स्क्रीनवर ओळीमागून ओळ यायला लागली. थांब. थांब. थांब. तपासणी लगेच झाली होती, तरी मी तो बंद केला नाही. त्याच्यासमोर बसून भाजी निवडली, पेपर वाचला. एकदा वरणभात वाढून घेतला आणि तोंडातून निघून गेलं, "अरे, किती वेळ?" स्क्रीनवर उत्तर होतंच. शेजारच्या रंभाताई विरजण मागायला आल्या होत्या, त्या दारातूनच म्हणाल्या, "अगं बाई, कोण आलंय? कुणाशी बोलताय?" मी म्हटलं, काम चालू आहे. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि विरजण न घेताच गेल्या.

त्या गेल्यावर मला प्रथम भीती वाटली. बोर्डाची नाही. उत्तर येतंय म्हणजे कुणीतरी आहे, असं मी धरून चालले होते. तिथे कुणीही नव्हतं. विचारत राहिलं तर तो शब्द माझ्यानंतरही येतच राहील. आणि तिकडे वर एक माणूस विषारी वाफेत उभा होता, त्याच्याकडे बघायला कर्नेलला सवड नव्हती. त्याच्या जागी मला तू दिसलीस. आज सकाळी अपूर्वच्या कोडखाली मी नाव घातलं आणि बोर्डाची वायर काढली. फ्रिजचा आवाज तेवढा येत होता. मग हे पत्र लिहायला घेतलं.

हरकत नाही, एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. कोर्टात शपथेवर विचारतील, त्याच्याकडून काही खबर आली का? मी नाही म्हणेन. पण त्याआधी टेबलावरचं हे सगळं एका माणसाला तरी माहीत असावं, आणि ते माणूस तू असावंस. दुसरं, वकिलांना सांग, दाव्यात पहिलं नाव माझं घाला आणि साक्षीला आधी मला उभं करा. बायकोने नवऱ्याला मेला ठरवला, असं म्हणायला लोक टपलेले असतात. तसं कुणाला म्हणता येणार नाही. तो गेला, हे तू माझ्यानंतर म्हण.

तुझीच, लग्नानंतरही,
आई